बॅटरी आत घे

२ सप्टेंबर

दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून तुझ्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानाच्या पत्त्यावर लिहिते आहे. फाडून टाकायचं असेल तर टाक, पण आधी शेवटपर्यंत वाच, कारण शेवटी एक प्रश्न आहे. प्रश्न माझा नाही, आईच्या मशीनचा आहे.

आई बरी आहे. माझ्याकडे आल्यापासून दोन्ही वेळा नीट जेवते आणि दुपारी खिडकीत बसून समोरच्या इमारतीतल्या लोकांवर ताशेरे ओढते. कोर्टात टंकलेखक म्हणून काढलेली वर्षं तिच्या जिभेतून काही जात नाहीत. रात्री श्वासाचं मशीन लावून झोपते. मास्कची पट्टी गालावर रुतायची, तिला मी आतून मऊ कापड शिवून दिलं. पडदे शिवणाऱ्या बहिणीचा एवढा तरी उपयोग.

जिन्यात तू जे म्हणालास ते मी विसरलेले नाही. आईला काही झालं तर माझ्या दारात उभी राहू नकोस. ठीक आहे, नाही राहणार. पण आईला मावशीकडे जायचं आहे आणि ती जाणार आहे. मावशीच्या कंबरेचं हाड मोडल्यापासून ती घराबाहेर पडू शकत नाही. आईचं म्हणशील तर या स्नायूंच्या दुखण्यात आडवं झालं की मशीनशिवाय तिला श्वास पुरत नाही, मग रेल्वेत किंवा बसमध्ये दोन दिवस बसवून कसं न्यायचं? तू म्हणतोस व्हिडिओवर बघा. आई म्हणते, व्हिडिओवर बघून बघून मला तिच्या घराचं छत पाठ झालंय.

म्हणून मी पाववाल्याची जुनी व्हॅन घेतली आहे. आतून फळ्या ठोकून झाल्या, पलंग झाला, शेगडी बसली. दार उघडलं की अजून भाजलेल्या पावाचा वास येतो आणि आई खूश होते. राहिली आहे ती वीज.

बॅटरीच्या दुकानात गेले होते. तिथल्या माणसाने दोन बॅटऱ्या पुढे ठेवल्या. एक आपली नेहमीची, शिशाची, मला एकटीला हलेना. तो म्हणाला, हिच्यात लिहिलंय त्याच्या अर्धीच वीज वापरायची, त्याखाली गेलात तर लवकर मरेल. दुसरी लिथियमची. वजनाला हलकी, जवळजवळ सगळी रिकामी केली तरी चालते, वर्षानुवर्षं टिकते. मी विचारलं, पेट घेते का? तो हसला आणि म्हणाला, सहसा नाही. हे ‘सहसा’ मी घरी घेऊन आले.

प्रश्न एवढाच. आईची रात्र कोणत्या बॅटरीवर सोपवू?

छोटी


१३ सप्टेंबर

दादा,

मागच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. तिने आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग एकदम, पाठ केल्यासारखं, म्हणाली, “हे म्हणतात की आधी मोजायचं आणि मग विकत घ्यायचं.” मागे तुझ्या खाकरण्याचा आवाज येत होता. म्हणजे तू समोरच बसला होतास. वहिनीला मधे बसवून बॅटरीवर बोलायचं ठरवलं असशील तर माझी हरकत नाही. निदान बोलतोस तरी.

सांगितलंस तसं केलं. मशीन मीटरवर लावून एक रात्र मोजली. मग दुसऱ्या रात्री हवा ओलसर करणारा गरम पाण्याचा भाग बंद ठेवून मोजली. खरंच निम्म्याहून कमी वीज लागली. मला वाटलं होतं सगळी वीज श्वासाला लागत असेल. ती तर पाणी तापवण्यात जात होती. मशीनची बारा व्होल्टची वायरही मागवली, म्हणजे बॅटरीची वीज आधी वाढवा आणि मग उतरवा हा द्राविडी प्राणायाम नको.

लिथियम घेतली. तू म्हणालास तीच, लोखंड-फॉस्फेटवाली, फोनात असते तसली नव्हे. दुकानदाराला मी हे नाव घेऊन विचारलं तेव्हा तो खुर्चीतून थोडा उठला. दोन घे असंही तू म्हणाला होतास. एकच घेतली आहे. जागाही नाही आणि एवढ्या वापराला एक पुष्कळ होते असं हिशोबात दिसतंय.

वहिनीने शेवटी सांगितलं, “आणि हे म्हणतात, बॅटरी गाडीच्या आत ठेव, माणसं राहतात तिथे.” मी हो म्हटलं.

आई विचारते आहे, तुझ्या घरून निघताना मशीनचा जादा मास्क तिच्या पिशवीत गुपचूप कुणी भरला होता, हे तुला ठाऊक आहे का. मी तिला विचारलं, कुणी भरला. ती म्हणते, साक्षीदाराने विचारलं तेवढंच सांगावं, आणि त्याने अजून विचारलेलं नाही.

छोटी


२९ सप्टेंबर

दादा,

निघालो.

गाडी मी चालवते. तुझ्या कपाळावर आठ्या आल्या असतील त्या मला इथून दिसतात. वळणावर सावकाश घेते, मागचे हॉर्न वाजवतात, आई त्यांना खिडकीतून हात करते. दिवसाला थोडंच अंतर कापतो. दुपारी चारपर्यंत थांबायची जागा शोधते, पेट्रोल पंपामागे नाहीतर एखाद्या मंगल कार्यालयाच्या पटांगणात, विचारून. कुणी नाही म्हणत नाही. आईला बघून उलट खुर्ची आणून देतात.

बॅटरी उत्तम चालली आहे. आई झोपताना पडद्यावर आकडा बघते आणि उठल्यावर पुन्हा बघते. सकाळी नव्वदच्या खाली उतरलेला नसला की मला म्हणते, चल, तुझा भाऊ पास झाला. चालवताना इंजिनावर ती पुन्हा भरते, आणि ऊन असलं की छपरावरची सौरपट्टीही हातभार लावते. बसवलीही व्यवस्थित आहे. एका मेकॅनिककडून नटबोल्ट तपासून घेतले.

आई मस्त आहे. थोडी

(हे आईने खोडायला लावलं. आता तीच खोडलेलं परत लिही म्हणते, कोर्टाच्या कागदावर खाडाखोड चालत नाही म्हणून. तर, थोडी सर्दी आहे.)

वर थंडी वाढू लागली आहे. घाट ओलांडला की मावशीचं गाव एका दिवसावर. मावशीने फोनवर सांगितलं की तिने पलंग खिडकीजवळ सरकवून घेतलाय आणि दुसरा पलंग त्याला चिकटवून ठेवलाय. मग आई बराच वेळ स्वतःचे केस विंचरत बसली. हात वर धरवत नाही तिला, तरी.

छोटी


६ ऑक्टोबर

दादा,

घाटाच्या पायथ्याशी गाड्या थांबवायचं मोठं पटांगण आहे, तिथून लिहिते. वर बर्फ लवकर पडलाय. चौकीवरचा माणूस म्हणाला, वारा पडला की यंत्र येईल आणि रस्ता मोकळा करेल, उद्या किंवा परवा. मागे फिरायचा रस्ताही दरड साफ होईपर्यंत बंद आहे. आमच्यासारख्या वीसेक गाड्या आहेत, पुढे एक दुधाचा टँकर. काळजी करू नकोस. शेगडीला गॅस आहे, खायला आहे, हीटर आहे.

फक्त एक विचारायचं होतं. इंजिन तासभर चालू ठेवलं तरी बॅटरीचा आकडा वर जात नाही, असं का होत असेल? वायर सैल झाली असेल का? घाई नाही, सवडीने वहिनीकडून कळव.

पत्र चौकीवर देते. इथे फोनला रेंज नाही, पटांगणाच्या टोकाला भिंतीपाशी गेलं तर थोडी येते.

छोटी


८ ऑक्टोबर

दादा,

काल तुझ्याशी बोलले. दीड वर्षात पहिल्यांदा तू माझ्याशी बोललास आणि पहिला प्रश्न विचारलास, बॅटरी कुठे बसवलीस. त्यानंतरचं अर्धंमुर्धं तुला टँकरवाल्याच्या ओरडण्यातून कळलं असेल. राहिलेलं लिहिते. हे पत्र पोस्टात टाकता येईल की हातात द्यावं लागेल, माहीत नाही.

आधी जे लिहिलं नव्हतं ते. आईची सर्दी सर्दी राहिली नव्हती. घाटाखाली येईतो छातीत उतरली होती. कोरड्या हवेने खोकल्याची उबळ यायची, म्हणून मी पाण्याचा भाग पुन्हा चालू केला. रात्रभरच नाही, दिवसाही तिला मशीन लागत होतं. त्यात हीटरचा पंखा. बॅटरी झरझर उतरत गेली, आणि सौरपट्टीवर तर वीतभर बर्फ. मी इंजिन चालू करून बसायचे आणि आकडा बघायचे. एकतीस. अठ्ठावीस. इंजिन चालू असताना खाली जात होता. मी प्रत्येक वायर ओढून पाहिली. एकही सैल नव्हती.

काल दुपारी तो अठरावर आला आणि मी भिंतीकडे धावले.

वहिनीने फोन घेतला, मी दोन वाक्यं बोलले असेन नसेन, तेवढ्यात फोन तुझ्या हातात. बॅटरी कुठे बसवलीस? मी म्हटलं, खाली. गाडीच्या बाहेरच्या पेटीत.

“बाहेर?” तू म्हणालास.

दादा, मी तिला बाहेर का ठेवली ते तुला सांगितलं नाही, आताच सांगते. आत जागा एकच होती, आईच्या पलंगाखाली. दुकानदाराचं ते ‘सहसा’ माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. आई झोपलीय आणि खाली ती बॅटरी आहे, या विचाराने मला झोप लागली नसती. आईला मी विचारलंसुद्धा नाही. तुला मात्र ‘व्यवस्थित’ म्हणून कळवलं.

मग तू म्हणालास, “ओरडायचं ते नंतर ओरडेन. आता मी सांगतो तेवढंच कर.”

बॅटरी बिघडलेली नाही, असं म्हणालास. ती गोठली आहे. एवढ्या थंडीत तिच्यात वीज घातली तर ती कायमची खराब होते, म्हणून आतलं सर्किट तोंड मिटून घेतं. देत राहील, पण घेणार नाही. शून्याला आली की देणंही बंद. तिला आत घे, ऊब दे, मग भर. आणि तोवर मशीन पुढच्या सॉकेटवर लाव, इंजिन चालू ठेवून.

तेव्हा मला सांगावं लागलं की पुढच्या सॉकेटचा फ्यूज मी आदल्या दिवशी पाण्याची केटल लावून उडवलाय.

तुझ्या मागे वहिनी म्हणाली, अहो, बसा तरी.

टँकरवाला तिथेच भिंतीपाशी सिगारेट ओढत उभा होता. दोन मुलींचा बाप, आवाज असा की डोंगराने वळून पाहावं. त्याने सिगारेट टाकली आणि म्हणाला, “ताई, फोन माझ्याकडे द्या. तुम्ही गाडीत जा. ते सांगतील ते मी ओरडून सांगतो.” मधे शंभरेक पावलांचा बर्फ. मी फोन त्याच्या हातात दिला आणि पळाले.

आई पलंगावर उशांना टेकून बसली होती. मास्कवरून माझ्याकडे पाहिलं आणि भुवई उंचावली, काय झालं म्हणून. मी म्हटलं, दादा फोनवर आहे. तिने डोळे मिटले आणि उघडले. बस, एवढंच.

फ्यूजचा डबा स्टिअरिंगखाली. बाहेरून ओरडणं आलं, “पिवळा शोधा! उडालेला पिवळा असेल!” पिवळाच होता. “मागच्या काचेच्या वायपरचा बघा! तोही पिवळा! तो काढून इकडे लावा!” माझी बोटं सुन्न झाली होती, तो प्लास्टिकचा एवढासा तुकडा निघेना. शेवटी भुवया कोरायच्या चिमट्याने निघाला. लावताना हातातून सुटला आणि पायाखालच्या चटईत गेला. मी गुडघ्यावर बसून चाचपडत होते आणि तेवढ्यात मागे मशीन ओरडलं.

तो आवाज तुला माहीत आहे. लांब, एकसुरी. बॅटरीने हात वर केले होते. अठरा हा आकडाच थंडीत खोटा होता, हे तू आज सकाळी सांगितलंस.

मी वळून पाहिलं. आईने स्वतःच मास्क काढला होता आणि पुढे वाकून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसली होती, त्या फिजिओवाल्या बाईंनी शिकवलं होतं तशी. ओठ निळसर. ती मला म्हणाली, एकेक शब्द तोडून, “तू… तुझं… काम… कर.”

फ्यूज सापडला. लागला. इंजिन चालू केलं, सॉकेटवरचा लाल दिवा लागला. आता आईला पुढे आणायचं होतं, कारण वायर मागे पोचत नव्हती. ती किती हलकी झालीय दादा, मला ठाऊकच नव्हतं. मी तिला काखेत धरून उचललं आणि पलंग आणि शेगडीच्या मधल्या फटीतून पुढच्या सीटवर ओढत नेलं. तिचे पाय घसटत होते. मशीन मांडीवर, वायर सॉकेटमध्ये, मास्क तोंडावर. बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग ते जागं झालं, आणि त्याचा तो आत-बाहेर, आत-बाहेर आवाज सुरू झाला, आणि आईची मान हळूहळू सीटला टेकली.

बाहेरून हाक आली, “लागलं का? दादा विचारतात, लागलं का?” मी काचेतून अंगठा दाखवला. त्याने फोनात काही सांगितलं आणि मग एक हात डोळ्यांवरून फिरवला. नंतर तो मला म्हणाला, तुमचे दादा लगेच पुढचं सांगायला लागले हो.

मग बॅटरी. टँकरवाल्याचा क्लीनर फावडं घेऊन आला आणि आधी आमच्या सायलेन्सरपाशी साचलेला बर्फ काढला, धूर आत यायला नको म्हणून. हेही तूच सांगितलं होतंस. मी खाली आडवी पडून पेटी उघडली. पाना लावला आणि लाल वायरच्या नटाला हात घातला तोच भिंतीकडून गर्जना झाली, “काळी आधी! ताई, काळी आधी!” तुला इतक्या लांबून कसं कळलं की मी लालला हात घातलाय?

काळी आधी. मग लाल. बॅटरी पोटाशी धरून आत आणली. बर्फाची लादी नुसती. शेगडीवर पाणी तापवून दोन रबरी पिशव्या भरल्या, तिला पिशव्यांच्या मधे ठेवलं आणि वरून गोधडी गुंडाळली. तू बजावलं होतंस की शेगडीजवळ न्यायची नाही, घाई करायची नाही, हाताला गार लागेनाशी झाली की मगच जोडायची. मी दर थोड्या वेळाने गोधडीत हात घालून बघत होते. आई पुढच्या सीटवरून आरशातून माझ्याकडे बघत होती. एकदा मास्क बाजूला करून म्हणाली, “तुझ्या लहानपणी ताप आला की मी असंच करायचे.”

डिझेलचा काटा पाव टाकी दाखवत होता. बाहेर अंधारायला लागलं होतं. टँकरवाल्याने स्वतःच्या टाकीतून नळीने एक डबा काढून आणला आणि पैसे विचारल्यावर नाक मुरडलं.

बॅटरीचा गारठा गेला तशी ती जोडली, लाल आधी, मग काळी. इंजिन चालूच होतं. पडद्यावर आधी नुसत्या रेघा आल्या. मग शून्य. मग बराच वेळ शून्यच. मी आकड्याकडे न बघता आईच्या छातीकडे बघत राहिले. पुन्हा पाहिलं तेव्हा तीन होता. नंतर सात.

आता बॅटरी आईच्या पलंगाखाली आहे. आई तिच्यावर झोपली आहे, मशीन लावून. छातीतला घरघर आवाज थोडा कमी झालाय. चौकीवर एक डॉक्टर अडकलेले निघाले, त्यांनी तपासून औषध दिलं.

आई म्हणाली, त्याला लिही की मी घाबरले नाही. मी पेन उचललं तेव्हा म्हणाली, घाबरले होते, पण ते लिहू नकोस. मी दोन्ही लिहिलं आहे. टंकलेखकाची मुलगी आहे मी.

आणि मी. मी इतकी घाबरले होते की अजून पाना हातातून सुटलेला नाही, पेनाबरोबर धरून लिहिते आहे. जिन्यातलं तुझं वाक्य मला त्या सीटपाशी आठवलं होतं. मला वाटलं, दार राहू दे, मी कुठेच उभी राहू शकणार नाही.

छोटी


१९ ऑक्टोबर

दादा,

मागचं पत्र तुला हातातच द्यावं लागलं. दरड निघाल्याबरोबर पहिल्या गाड्यांत तुझी गाडी असेल असं मला वाटलं नव्हतं. आईला वाटलं होतं म्हणे. तू उतरलास, डिकीतून थंडीतही भरून घेणारी शिशाची बॅटरी काढलीस, माझ्याकडे न बघता गाडीखाली गेलास आणि संध्याकाळपर्यंत तुझे फक्त बूट दिसत होते. मी चहा नेऊन बुटांशेजारी ठेवला. कप रिकामा परत आला, तेव्हा मला जरा हायसं वाटलं.

तू आईसमोर बसून “चल, घरी नेतो” म्हणालास तेव्हा मी बाहेर होते, पण दार उघडं होतं. तू अगदी हळू म्हणालास. मला वाटलं आई ऐकेल. तू एवढ्या लांबून आलास, तिला एवढा त्रास झाला होता, मीसुद्धा तिच्या पिशव्या मनातल्या मनात भरायला घेतल्या होत्या. तिने तुझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “इथून आपलं घर जवळ की मावशीचं?” मग ती म्हणाली, “तू चालव. छोटी वळणावर फार हळू घेते.”

तुझी गाडी पटांगणात ठेवून तू आमची व्हॅन घाटावरून नेलीस, याबद्दल मी कधी आभार मानणार नाही, तुला आवडायचे नाहीत. वर धुक्यात तू एकदा म्हणालास, “गिअर घासतोय, माहितीय ना?” मी माहितीय म्हटलं. माहीत नव्हतं. सबंध रस्त्यात आपण दोघं एवढंच बोललो.

दोघी बहिणी भेटल्या तेव्हा तू मुद्दाम सामान काढत बसलास. म्हणून सांगते. मावशी वॉकर धरून दारापर्यंत आली होती, तिला तेवढंही चालायला मनाई आहे. आईने तिला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, “किती म्हातारी झालीस गं.” मावशी म्हणाली, “तू नाकात नळी लावून येशील असं वाटलं होतं, बरी दिसतेस.” मग दोघी तशाच उभ्या. एक वॉकर धरून, एक माझा खांदा धरून. दोघींनाही हात सोडून मिठी मारता येईना, म्हणून नुसत्या कपाळाला कपाळ लावून उभ्या राहिल्या. मी दुसरीकडे बघितलं.

आई बरी आहे. खोकला गेला. थंडी संपेपर्यंत इथेच राहायचं ठरलंय, हे तिने तुला सांगितलं आहेच. मशीन घरच्या विजेवर चालतं, आणि वीज गेली तर खिडकीतून व्हॅनची वायर आत घेतली आहे. दोन्ही बॅटऱ्या तू बसवल्यास तशाच आहेत, कशाला हात लावलेला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

पटांगणातली गाडी घ्यायला तू निघालास त्या दिवशी, बस सुटून तासभर झाला असेल, आईचा फोन वाजला. दुपारची तिची झोपायची वेळ. मी तिथेच पडद्याचं माप घेत होते, म्हणून तुझा आवाज मला ऐकू आला. तू म्हणालास, “आई, मशीन लाव आणि फोन जवळ धर. आवाज ऐकायचाय.”

मी मास्क बांधून दिला, ती आडवी झाली, आणि तिने फोन मशीनपाशी धरला. आत, बाहेर. आत, बाहेर. तिकडून बसचा आवाज येत होता, कुणाचं तरी मूल रडत होतं. मी खुणेने म्हटलं, उशीवर ठेव फोन, तसाही आवाज जाईल. तिने मान हलवली.

तुला माहीत आहे तिचे हात. पाण्याचा पेला उचलायला दोन्ही लागतात. काही वेळाने तिचा दंड थरथरायला लागला. मी पुढे होऊन तिच्या कोपराखाली हात द्यायला गेले, तर तिने डोळे असे वटारले की मी मागे झाले. तिने हात बदलला नाही. डोळे मिटून, ओठ घट्ट धरून, ती ते धरून राहिली. तुझी बस किती गावं ओलांडून गेली असेल कुणास ठाऊक.

तुला वाटलं असेल तिने फोन शेजारी ठेवून दिला आणि झोपली. तसं नाही झालं. तू फोन ठेवलास, ते तिला कळलं, आणि मगच तिने हात खाली घेतला.

छोटी